पेंटबॉल गनसाठी सीओटू की दाबाची हवा: टाकी निवडण्यापासून भरण्यापर्यंत

पेंटबॉलची गन, म्हणजे रंगाच्या गोळ्या गॅसच्या दाबाने झाडणारी खेळातली बंदूक, घेताना बहुतेक जण बॅरल, हॉपर (गोळ्यांचा डबा) आणि गोळ्यांचा वेग यांची चौकशी करतात. गन कशावर चालणार आणि तो गॅस दर आठवड्याला कुठे भरून मिळणार, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. माझ्या मते ते सगळ्यात आधी विचारावं. गन चांगली असूनही चुकीच्या गॅसवर ती लहरी चालते, आणि गॅस भरण्याची सोय नसेल तर ती कपाटातच राहते. स्वतःची गन घेऊ पाहणारे आणि रिसॉर्टच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात आठ-दहा गनांचं छोटं मैदान काढू पाहणारे, अशा दोघांनाही उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पर्याय दोनच आहेत. एक कार्बन डायऑक्साइड, ज्याला मैदानावर सगळे सीओटू म्हणतात. दुसरा म्हणजे उच्च दाबाची हवा, एचपीए. जुने खेळाडू एचपीएला अजूनही 'नायट्रो' म्हणतात, कारण सुरुवातीच्या काळात या टाक्यांत नायट्रोजनच भरला जायचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे गनच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. याखेरीज तिसरा पर्याय कुणी सुचवला तर ऐकू नका. ऑक्सिजन तर कधीच नाही, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये वंगण पेट घेतं. एलपीजी किंवा कुठलाही ज्वलनशील गॅसही नाही.

टाकीत नेमकं काय असतं

सगळा फरक इथून सुरू होतो. घरच्या एलपीजीप्रमाणे सीओटू टाकीत द्रवरूपात असतो आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते. गोळी सुटली की थोडी वाफ खर्च होते, तेवढाच द्रव उकळून तिची जागा भरतो. म्हणून टाकीतला दाब किती गॅस उरला यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. ० अंश सेल्सिअसला सुमारे ५०५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक), १० अंशांना ६५०, २० अंशांना ८३० आणि ३० अंशांना १०४५ पीएसआय. टाकी काठोकाठ असो किंवा पाव, जोवर आत द्रव आहे तोवर आकडा हाच.

आता टिपमन ९८सारखी गन घ्या, जिला टाकीकडून साधारण ८०० पीएसआयची अपेक्षा असते. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी ती मरगळल्यासारखी चालेल आणि दुपारी त्याच सेटिंगवर वेगाची मर्यादा ओलांडेल. शिवाय द्रव उकळायला उष्णता लागते आणि ती टाकीच्याच अंगातून ओढली जाते. सलग वीस-तीस गोळ्या झाडल्या की टाकी बर्फासारखी गार पडते, दाब उतरतो, गोळ्या जवळ पडू लागतात. पाच मिनिटं विश्रांती दिली की वेग पुन्हा चढतो.

यापेक्षा वाईट म्हणजे द्रव सीओटू थेट गनमध्ये शिरणं. गन खाली झुकवून किंवा घाईघाईने गोळ्या झाडताना हे होतं. बॅरलमधून पांढरा धूर दिसला तर समजा की द्रव आत गेला. त्या गारठ्याने ओ-रिंगा, म्हणजे सांध्यांतून गॅस गळू न देणाऱ्या गोल कड्या, कडक होऊन चिरतात, आणि इलेक्ट्रॉनिक गनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून टाकीत अँटी-सायफन नळी बसवतात. तिचं टोक गनला जोडलेल्या टाकीत नेहमी वरच्या बाजूला, वाफेत राहायला हवं. त्यामुळे ही नळी त्या विशिष्ट गनवर टाकी पूर्ण आवळल्यावर कोणत्या कोनात थांबते ते बघूनच बसवावी लागते. टाक्या गनांमध्ये अदलाबदल केल्या की हा हिशेब बिघडतो.

एचपीएमध्ये द्रव नसतो. हवा ३००० किंवा ४५०० पीएसआयपर्यंत दाबून भरलेली असते आणि टाकीच्या मानेवरचा रेग्युलेटर तो दाब कमी करून गनला देतो, बहुतेक वेळा ८०० ते ८५० पीएसआय. कमी दाबाच्या गनांसाठी ४५० पीएसआय देणारे रेग्युलेटरही मिळतात. आत ३००० असो वा १५००, बाहेर तेच ८००. टाकीतला दाब या आकड्याखाली गेला की मात्र वेग झपाट्याने उतरतो आणि टाकी भरायला न्यावी लागते. टाकीवर दाबाचा काटा लावलेला असल्याने किती उरलंय हे दिसतं. सीओटूमध्ये ते फक्त वजनकाटा सांगतो.

आकार आणि गोळ्यांचा अंदाज

सीओटूच्या टाक्या औंसात मोजतात, म्हणजे आतल्या गॅसच्या वजनात. ९ औंस म्हणजे २५५ ग्रॅम, १२ औंस म्हणजे ३४० आणि २० औंस म्हणजे ५६७ ग्रॅम. एचपीएच्या टाक्यांवर दोन आकडे असतात. ४८/३००० म्हणजे ४८ घन इंच आकारमान, म्हणजे पाऊण लिटरहून थोडं जास्त, आणि ३००० पीएसआय दाब. ही अॅल्युमिनियमची असते, स्वस्त पण जड. ६८/४५०० म्हणजे १.१ लिटर, वर कार्बन फायबरचा वेढा, हलकी पण महाग.

एका गोळीमागे साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर मोकळा (बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेला) गॅस जातो असं धरा. २० औंस सीओटू मोकळा सोडला तर सुमारे ३१५ लिटर भरतो, म्हणजे हजाराच्या आसपास गोळ्या. ६८/४५०० मध्येही जवळपास तेवढीच हवा मावते. ४८/३००० मध्ये १६० लिटरच्या आसपास हवा असते आणि तिच्यावर साडेचारशे-पाचशे गोळ्या निघतात. गन जुनी असेल किंवा ओ-रिंगा झिजल्या असतील तर हे आकडे सहज खाली येतात.

इथे एक बारकावा आहे. ३००० पीएसआयच्या टाकीतले शेवटचे ८५० पीएसआय उपयोगाचे नसतात, म्हणजे वापरायला ७२ टक्केच हवा मिळते. ४५०० मध्ये हाच वाटा ८१ टक्के होतो. इतक्या दाबाला हवा सरळ हिशेबाने दबत नाही, थोडी कमी मावते, तरीही एकाच आकाराच्या टाकीत ४५०० वर दीडपटीहून जास्त गोळ्या मिळतात. मात्र ४५०० पर्यंत भरून देणारा कॉम्प्रेसर जवळ नसेल तर महागडी टाकी घेऊन ती ३००० वरच भरत बसण्यात अर्थ नाही.

१२ ग्रॅमच्या बारीक कुप्यांचं एक वेगळं स्थान आहे. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जणांनी पहिला पेंटबॉल खेळ खेळला, तो अशाच कुप्यांवर. त्यांच्या हातातल्या नेल-स्पॉट ००७ गना मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेल्या होत्या. आजही टिपमन टिपिएक्ससारखी पिस्तुलं आणि पंप गना, म्हणजे प्रत्येक गोळीआधी हाताने पंप ओढाव्या लागणाऱ्या गना, या कुप्यांवर चालतात. एका कुपीत १५ ते ३० गोळ्या निघतात, कुपी पुन्हा भरता येत नाही. हौसेने पंप गन खेळणाऱ्याला याहून सोपं काही नाही. मैदान चालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

कोणासाठी काय

गन इलेक्ट्रॉनिक असेल, किंवा मेकॅनिकल असूनही स्पूल व्हॉल्व्हवर (मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्याने हवा सोडणाऱ्या झडपेवर) चालणारी असेल, तर प्रश्नच उरत नाही. एचपीएच वापरा. उत्पादकाने पुस्तिकेत 'फक्त दाबाची हवा' लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः पाळायचं असतं.

टिपमन ९८, बीटी-४ किंवा साध्या स्पायडरसारख्या दणकट मेकॅनिकल गना दोन्हींवर चालतात. तिथे भरण्याची सोय ठरवते. सीओटू सोडा-शीतपेयवाल्यांना, वेल्डिंगवाल्यांना, अग्निशामक यंत्रं भरणाऱ्यांना लागतो, त्यामुळे तालुक्याच्या गावीही मोठा सिलिंडर मिळू शकतो. खाद्य दर्जाचाच घ्या, तो कोरडा आणि स्वच्छ असतो. एचपीएसाठी मात्र श्वासाच्या हवेचा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर लागतो. टायरमध्ये हवा भरणारं यंत्र आठ-दहा बारपर्यंत, म्हणजे दीडशे पीएसआयच्या आत थांबतं, त्याचा इथे काहीच उपयोग नाही. तारकर्ली, मालवण, गोवा इथल्या डायव्हिंग केंद्रांकडे असे कॉम्प्रेसर असतात, आणि अग्निशमन साहित्याचा व्यवसाय करणाऱ्यांकडेही असू शकतात.

नवं मैदान काढणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या दिवसापासून एचपीए. खर्च सुरुवातीला जास्त आहे. पण आपल्याकडचं ऊन बघा. सीओटू ३१ अंशांच्या वर गेला की द्रव आणि वाफ हा भेदच संपतो, आणि मग दाब टाकी किती भरली आहे यावर चढत जातो. नीट वजन करून भरलेली टाकीही ४० अंशांना दीड हजार पीएसआयच्या वर जाते आणि ५० अंशांना दोन हजारांच्या आसपास. या टाक्यांवर कार्यदाब १८०० पीएसआय कोरलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ५० अंश सहज होतात. टाकी जास्त भरलेली असेल तर सुरक्षा चकती फुटते आणि सगळा गॅस एका झटक्यात बाहेर येतो. शिवाय सहलीला आलेली वीस मंडळी गन कशीही धरतात, सलग गोळ्या झाडतात, म्हणजे सीओटूला जे नको तेच सगळं करतात.

डोंगरातलं मैदान असेल, जवळचा कॉम्प्रेसर शंभर किलोमीटरवर असेल आणि महिन्यातून दोनदाच खेळ होत असेल, तर मेकॅनिकल गना आणि सीओटू हीच व्यवहार्य जोडी आहे. फक्त दर फेरीपूर्वी वेग मोजायचा नियम करा.

कायद्याचा भाग

आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पेसो ही केंद्रीय संस्था करते. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. ५०० मिलिलिटरहून जास्त आकारमानाचं दाबाचं भांडं या नियमांत सिलिंडर ठरतं. ४८ घन इंचाची टाकी ७८७ मिलिलिटरची आहे, २० औंसाची सीओटू टाकीही ८०० मिलिलिटरच्या वर जाते. म्हणजे नेहमीच्या वापरातल्या बहुतेक टाक्या नियमांच्या कक्षेत येतात. परदेशातून टाक्या मागवण्याआधी आणि मैदानावर भरण केंद्र सुरू करण्याआधी पेसोच्या कार्यालयात मंजुरी आणि परवान्याची चौकशी करा. विमा कंपनीही हेच कागद मागेल.

सीओटू भरताना

मोकळ्या हवेत करा, कधीही बंद खोलीत नाही. सीओटू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड हातमोजे. बाहेर पडणारा द्रव उणे ७८ अंशांचा बर्फ होतो आणि कातडी पोळते.

१. टाकी पूर्ण रिकामी करून वजनकाट्यावर ठेवा आणि रिकामं वजन टाकीवर कायमचं लिहून ठेवा.

२. मोठ्या सिलिंडरमध्ये तळापर्यंत जाणारी नळी आहे का ते विचारून घ्या. नसेल तर तो उलटा धरण्याची भक्कम चौकट लागेल, नाहीतर द्रवाऐवजी वाफच येईल.

३. टाकीत थोडा गॅस घ्या, जोडणी बंद करून तो हळूहळू बाहेर सोडा. टाकी गार पडते. दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असेल तर दाबही सारखा असतो आणि द्रव सरकतच नाही, म्हणून ही पायरी टाळता येत नाही.

४. आता टाकी काट्यावर ठेवून भरा. २० औंसाच्या टाकीत ५६७ ग्रॅम झाले की थांबा. वर जागा आहे असं वाटलं तरी थांबा. द्रवाला फुगायला ती जागा लागतेच.

५. जास्त गेलं असेल तर लगेच सोडून वजन बरोबर करा. 'खेळताना कमी होईल' म्हणून टाकी बाजूला ठेवू नका.

हवा भरताना

टाकीच्या निपलवर, म्हणजे हवा भरण्याच्या तोंडावर, धूळ, वाळू, तेल काहीही नको. तेलाबद्दल विशेष सांगतो. गनमध्ये उत्पादकाने सांगितलं असेल तर तेलाचे दोन-चार थेंब टाकतात, पण तेच तेल टाकीच्या निपलमध्ये कधीही जाता कामा नये. उच्च दाबाची हवा वेगाने आत शिरताना तापते आणि त्या उष्णतेने तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिनात इंधन असंच पेटतं.

टाकीवरची चाचणीची तारीख आणि दाबाचा आकडा वाचा. ३००० ची टाकी ३००० लाच थांबवायची. नळी जोडा, नळीतला दाब मोकळा करण्याचा स्क्रू बंद करा आणि मुख्य व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. अर्धा ते एक मिनिट घ्या. झटकन भरली तर टाकी गरम होते, काटा ३००० दाखवतो आणि गार झाल्यावर तोच २७०० वर येतो. भरून झाल्यावर आधी व्हॉल्व्ह बंद, मग नळीतला दाब मोकळा, मगच जोडणी काढायची. दाबाखालची नळी ओढून काढायचा प्रयत्न करू नका.

स्वतःचा कॉम्प्रेसर नसेल तर डायव्हिंगच्या सिलिंडरवरून भरता येतं. ११ लिटरचा २०७ बारचा सिलिंडर घेतला आणि ४८ घन इंचाच्या रिकाम्या टाक्या भरत गेलात, तर पहिली १९३ बारला थांबेल, दुसरी १८०ला, तिसरी १६८ला, आणि पाचवी जेमतेम १४७ बारला, म्हणजे सुमारे २१०० पीएसआयला. म्हणून दोन सिलिंडर ठेवतात. आधी कमी दाबाच्या सिलिंडरवरून भरून घ्यायचं, मग भरलेल्या सिलिंडरवरून वरचा दाब चढवायचा. याने एका सिलिंडरचं काम खूप लांबतं.

कोकणात आणि पावसाळ्यात कुठेही कॉम्प्रेसरचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदला. टाकीत पाणी गेलं तर रेग्युलेटर गंजतो.

टाकी लावणं आणि काढणं

चेहऱ्यावर मास्क, बॅरलवर कव्हर, हॉपर काढलेला. टाकीच्या तोंडावरची ओ-रिंग बघा. माप ०१५, आणि पॉलियुरेथेनची घ्या, साध्या रबराची सीओटूने फुगते. टाकी हाताने सरळ धरून आटे जुळवा आणि शेवटपर्यंत फिरवा. पाना लावायचा नाही.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. टाकी काढताना तुम्ही पूर्ण टाकी फिरवता, पण कधीकधी पितळी व्हॉल्व्ह गनमध्येच घट्ट बसतो आणि त्याच्यापासून टाकी सुटू लागते. टाकी पूर्ण सुटली तर आतला दाब तिला रॉकेटसारखा फेकतो. अमेरिकेत यामुळे माणसं मेली आहेत, त्यात खेळ बघायला आलेलेही होते. उपाय साधा आहे. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या सांध्यावर नेलपेंटची एक आडवी रेघ ओढून ठेवा. टाकी फिरवताना रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली तर तिथेच थांबा, टाकी उलट दिशेने आवळा, सगळ्यांना लांब करा आणि गन सुरक्षित दिशेला धरून गॅस पूर्ण संपेपर्यंत झाडत राहा. त्यानंतर ती टाकी जाणकाराकडे. व्हॉल्व्ह घरी बसवू नका.

वेग मोजणं

मैदानी खेळात कमाल ३०० फूट प्रति सेकंद, बहुतेक मैदानं २८० वर ठेवतात. ०.६८ कॅलिबरची गोळी साधारण ३ ग्रॅमची असते आणि ३०० फुटांना तिच्यात सुमारे १२ ज्यूल ऊर्जा असते, उघड्या डोळ्याला कायमची इजा करायला पुरेशी. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाच-सहा गोळ्या झाडून सगळ्यात मोठा आकडा बघा, सरासरी नव्हे. सीओटू असेल तर टाकी सावलीत गनला जोडून काही मिनिटं राहू द्या आणि दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा मोजा. सीओटूवरून एचपीएवर आलेली गन जुन्या सेटिंगवर मैदानात नेऊ नका, आकडा वर किंवा खाली कुठेही गेलेला असू शकतो.

टाक्या ठेवणं, नेणं, जुन्या घेणं

एचपीएची टाकी ठेवून देताना दोन-तीनशे पीएसआय आत राहू द्या, म्हणजे दमट हवा शिरत नाही. सीओटूची टाकी सावलीत, उभी ठेवा. मुलांच्या हाताला लागेल अशी कुठलीच ठेवू नका.

जुनी टाकी घेताना कोरलेली चाचणीची तारीख बघा. अमेरिकेत दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते आणि कार्बन फायबरच्या बहुतेक टाक्यांचं आयुष्य १५ वर्षं ठरवलेलं असतं. कार्बन फायबरचे धागे उसवलेले, खोल ओरखडा पडलेला किंवा टाकी पुन्हा रंगवलेली दिसली तर घेऊ नका. रंगाखाली काय आहे ते कळत नाही.

अमेरिकेत राहणारे आपले बरेच जण इथे येताना टाकी घेऊन यायचं म्हणतात. तिथल्या विमानतळ सुरक्षेचा नियम असा की व्हॉल्व्ह पूर्ण काढलेला आणि टाकीचं तोंड उघडं, आतलं दिसेल असं हवं. नुसती रिकामी टाकी चालत नाही. इथे उतरल्यावर वर सांगितलेले पेसोचे नियम लागतात, शिवाय काढलेला व्हॉल्व्ह परत बसवायला जाणकार माणूस शोधावा लागतो. हे सगळं धरलं तर इथेच कागदपत्रांसह मिळणारी टाकी घेणं बरं.